ॲम्प्लिफायरची परीक्षा : स्थिर सूर की निसटता क्षण?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आमची चांगलीच तारांबळ उडाली. नाटकाचा प्रवेश रंगात आलेला असताना एका विद्यार्थ्याच्या हातून मायक्रोफोन टेबलावर आपटला. कर्ण्यातून ‘धाड्’ असा आवाज आला आणि पाठोपाठ सभागृह मुके झाले. पुढचे एक-दोन शब्द कुणालाच ऐकू गेले नाहीत. मग आवाज वर येत येत पूर्ववत झाला. नंतर गाण्याच्या कार्यक्रमातही तोच प्रकार. डग्ग्यावर जोराची थाप पडली की तिच्या मागून येणारा गाणाऱ्या मुलीचा स्वर गिळला जाई.

ॲम्प्लिफायर त्याच वर्षी घेतलेला होता आणि माहितीपत्रक वाचून, चार ठिकाणी तुलना करून घेतलेला होता. पत्रकात दोन आकडे ठळक छापले होते : ‘प्रतिसाद २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ आणि ‘एकूण हार्मोनिक विरूपण ०.१ टक्क्याहून कमी’. आम्ही यंत्र परत नेले. दुकानातल्या तंत्रज्ञाने आमच्यासमोर दोन्ही गोष्टी मोजून दाखवल्या. दोन्ही आकडे खरे निघाले. ‘सर, मशीन एकदम ओके आहे,’ असे सांगून त्याने ते आमच्या हवाली केले.

म्हणजे आकडे खोटे नव्हते, आणि शब्द गिळले जात होते हेही खोटे नव्हते. मग चूक कुठे होती? त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो. ध्वनीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे मूल्यमापन करताना स्थिर सुरावर घेतलेल्या मोजमापांना महत्त्व द्यावे, की संकेत क्षणाक्षणाला कसा बदलतो हे दाखवणाऱ्या मोजमापांना, हा वाद अभियंत्यांमध्ये फार जुना आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्हाला अर्धे पटते आणि अर्धे पटत नाही. ते का, हे येथे मांडत आहोत.

स्थिर सूर काय विचारतो?

आधी रूढ पद्धत पाहू. ॲम्प्लिफायरला एक शुद्ध सूर, म्हणजे साईन तरंग, न थांबता देत राहायचे. वारंवारता बदलत जायची आणि प्रत्येक वेळी संकेत किती पट मोठा झाला ते टिपायचे. हा झाला वारंवारता-प्रतिसाद. दुसरे मोजमाप विरूपणाचे. १ किलोहर्ट्झचा सूर आत दिला तर बाहेरही तेवढाच एक सूर यायला हवा. प्रत्यक्षात २, ३, ४ किलोहर्ट्झचे थोडेथोडे सूर त्यात मिसळलेले असतात. हे उपरे सूर मूळ सुराच्या तुलनेत किती, याची टक्केवारी म्हणजे एकूण हार्मोनिक विरूपण.

ही पद्धत कमी लेखण्याचे कारण नाही. ती सोपी आहे, पुन्हा पुन्हा तेच उत्तर देते आणि अतिशय संवेदनशील आहे. दहा हजारांत एक भाग एवढे उपरे सूरही तिला सापडतात. डोळ्याला ते कधीच सापडणार नाहीत. ऑसिलोस्कोपच्या पडद्याची उंची सुमारे ८ सेंटिमीटर असते. त्यावर एक टक्का म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे जवळजवळ त्या प्रकाशरेषेच्या जाडीएवढा. एक टक्का विरूपण असलेला सूर आणि शुद्ध सूर पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले तर भलेभले फसतील.

पण या परीक्षेला तीन मर्यादा आहेत. पहिली, ती एका ठरावीक पातळीवर घेतली जाते. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये तरंगाचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा अर्धा भाग दुसरा ट्रान्झिस्टर उचलतो, तिथे एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना शून्यापाशी छोटासा खाचा पडू शकतो. समजा, हा दोष २० मिलिव्होल्टचा आहे. २० व्होल्टच्या संकेतापुढे तो हजारात एक भाग, म्हणजे ०.१ टक्का. पण आवाज बारीक करून संकेत ०.२ व्होल्टवर आणला की तोच दोष १० टक्के होतो. माहितीपत्रकात बहुधा पहिला आकडा छापतात, आणि घरात आपण बहुतेक वेळ दुसऱ्या स्थितीत ऐकत असतो.

दुसरी मर्यादा, वारंवारतेची. विरूपण पुष्कळदा १ किलोहर्ट्झलाच मोजतात. १० किंवा २० किलोहर्ट्झला काय होते, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

तिसरी मर्यादा आमच्या स्नेहसंमेलनाशी निगडित आहे. स्थिर सुराला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. तंत्रज्ञ खटका दाबतो, काटा स्थिर होईपर्यंत थांबतो आणि मग आकडा वाचतो. यंत्राने धक्का कसा पचवला, त्यातून ते किती वेळाने सावरले, हे सारे तो थांबलेला असतानाच घडून गेलेले असते. बोलणे आणि संगीत मात्र आरंभ-शेवटांनीच भरलेले असते. ‘ट’चा उच्चार, टाळी, तबल्याची थाप यांत स्थिर असे फारच थोडे असते.

गिळलेल्या शब्दांचा शोध

जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही यंत्र नेले. १ किलोहर्ट्झचा लहानसा सूर चालू ठेवला, क्षणभरच तो कितीतरी पट मोठा केला आणि लगेच पूर्वीएवढा केला. ऑसिलोस्कोपचा काटछेद इतका संथ ठेवला होता की ठिपका डावीकडून उजवीकडे जायला दोन सेकंद लागावेत. आणि पडद्यावर आमचे गिळलेले शब्द दिसले! मोठा सूर संपताच रेषा सपाट झाली, सुमारे अर्धा सेकंद तशीच राहिली आणि मग सूर फुगत फुगत परत आला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या आधी १० मायक्रोफॅरडचे धारित्र, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत कंडेन्सर, बसवलेले होते. त्याच्या पुढचा एकूण रोध सुमारे ४७ किलोओहम होता. धारित्र एकदिश विद्युतधारा अडवते आणि बदलता संकेत पुढे जाऊ देते, हे आपण शिकवतोच. पण मोठा धक्का आला की ट्रान्झिस्टरचे प्रवेशद्वार डायोडसारखे वागू लागते. संकेताच्या एका बाजूचा प्रवाह सहज आत घेते, दुसऱ्या बाजूचा घेत नाही. त्यामुळे धारित्रावर नको तो प्रभार साठतो आणि ट्रान्झिस्टर बंद पडतो. हा प्रभार ओसरायला जो वेळ लागतो तो रोध आणि धारिता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. ४७ किलोओहम गुणिले १० मायक्रोफॅरड म्हणजे ०.४७ सेकंद. पडद्यावर अर्धा सेकंद दिसला होता तो हाच.

बनवणाऱ्याने एवढे मोठे धारित्र का घातले असावे? खर्जाचे सूर चांगले यावेत म्हणून. आता हिशोब पाहा. ०.४७ सेकंदाच्या जोडीची खालची सीमा सुमारे ०.३४ हर्ट्झ येते. धारित्र दहापट लहान, म्हणजे १ मायक्रोफॅरड केले, तर ही सीमा ३.४ हर्ट्झ होईल. ऐकू येणारा ध्वनी २० हर्ट्झपासून सुरू होतो, आणि त्या २० हर्ट्झला होणारी घट दीड टक्क्याहूनही कमी भरते. म्हणजे कानाला काहीच फरक नाही. सावरण्याचा वेळ मात्र अर्ध्या सेकंदावरून सुमारे एक-विसांश सेकंदावर येईल. आम्ही धारित्र बदलले. मायक्रोफोन आपटला तर आजही ‘धाड्’ होते, पण पुढचा शब्द ऐकू येतो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की माहितीपत्रकातला ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा आकडा दुरुस्तीपूर्वी खरा होता आणि दुरुस्तीनंतरही खराच राहिला. दोष गेला, पण आकड्याला त्याचा पत्ताच नाही!

एवढ्यावर लेख संपवला असता तर ‘स्थिर सुराची परीक्षा निरुपयोगी, क्षणाची परीक्षा खरी’ असा निष्कर्ष सहज निघाला असता. पण आम्ही उत्साहाच्या भरात आणखी एक प्रयोग केला आणि त्याने आमचे डोळे उघडले. ५० हर्ट्झचा चौरस तरंग यंत्राला दिला. जुन्या धारित्रासह पाहिला तेव्हा तरंगाचे माथे जवळपास सपाट दिसत होते. उतार अवघा दोन टक्के. नव्या धारित्रासह तेच माथे चांगले सुमारे १९ टक्के उतरते झाले! चौरस तरंगाचे हे चित्र कुणाला दाखवून ‘यांतले चांगले यंत्र कोणते?’ असे विचारले असते, तर त्याने बिनदिक्कत शब्द गिळणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवले असते.

दोन्ही मोजमापे काळाच्या अक्षावरचीच. एक म्हणते यंत्र सुधारले, दुसरे म्हणते बिघडले. तेव्हा नुसते ‘काळाच्या अक्षावर पाहा’ एवढे सांगणे पुरेसे नाही.

एकच मजकूर, दोन लिप्या

हा गुंता सोडवायचा तर फ्रेंच गणिती फूरिए यांच्याकडे जावे लागते. उष्णतेच्या वहनावरील १८२२ च्या ग्रंथात त्यांनी मांडलेल्या पद्धतीचे सार असे की कोणताही तरंग निरनिराळ्या वारंवारतांच्या साईन तरंगांच्या बेरजेत मांडता येतो. त्यामुळे एकाच संकेताची दोन वर्णने करता येतात : एक, तो क्षणाक्षणाला केवढा आहे; दुसरे, त्यात कोणते सूर किती प्रमाणात आणि कोणत्या कलेत आहेत. एकच दस्तऐवज मोडीत लिहावा किंवा देवनागरीत लिहावा, तसे हे आहे. लिपी बदलते, मजकूर बदलत नाही.

ॲम्प्लिफायर रेषीय असेल, म्हणजे आत दुप्पट दिले की बाहेर दुप्पट मिळत असेल आणि दोन संकेत एकत्र दिले की दोन उत्तरांची बेरीज मिळत असेल, तर एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाता येते. वारंवारता-प्रतिसाद पूर्ण माहीत असेल तर चौरस तरंगाचे काय होईल ते कागदावर गणित करून सांगता येते. वरचा उताराचा आकडा असाच काढता येतो. ५० हर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनाला १० मिलिसेकंद लागतात. ०.०४७ सेकंदाच्या जोडीत तेवढ्या वेळात किती प्रभार बदलतो, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही काढता येईल. म्हणजे रेषीय यंत्राच्या बाबतीत चौरस तरंगाचे चित्र नवीन असे काही सांगत नाही. ०.३४ हर्ट्झ आणि ३.४ हर्ट्झ यांतला फरकच ते मोठा करून दाखवते. आलेख २० हर्ट्झपाशी सुरू केल्यामुळे तो आपल्या नजरेआड राहिला होता, इतकेच.

येथे एक अट मात्र विसरू नये. ‘पूर्ण माहीत असेल’ यात सुरांची पातळी आणि त्यांची कला दोन्ही आली. माहितीपत्रकात फक्त पातळी छापतात. साध्या इलेक्ट्रॉनिक मंडलांत पातळीवरून कलेचा अंदाज बांधता येतो हे खरे, पण सर्वच मंडलांत तसे होत नाही.

गिळलेल्या शब्दांची गोष्ट याहून वेगळी आहे. धक्का बसल्यावर ट्रान्झिस्टर बंद पडला, तेव्हा यंत्र रेषीय उरलेच नव्हते. लहान संकेताला ते एक उत्तर देत होते आणि मोठ्याला दुसरेच. शिवाय त्याला मागच्या क्षणाची आठवण राहत होती. अशा वेळी एका लिपीतून दुसरीत जाण्याचा पूल कोसळतो. लहान स्थिर सुरावर घेतलेली हजार मोजमापे एकत्र केली तरी त्यांतून मोठ्या धक्क्याचे उत्तर निघत नाही. तो धक्का देऊनच पाहावा लागतो. काळाच्या अक्षावरील मोजमापांचे खरे काम येथे सुरू होते, असे आमचे मत आहे.

१९७० पासूनचा वाद

याच सीमेवर एक गाजलेला वाद झाला. ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर बाजारात आले तेव्हा त्यांच्या विरूपणाचे आकडे जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांपेक्षा पुष्कळ कमी होते. तरीही काही जाणकार श्रोते त्यांचा आवाज कर्कश असल्याची तक्रार करत. १९७० मध्ये फिनलंडचे अभियंते मट्टी ओटाला यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध करून याचे एक कारण पुढे मांडले. कमी विरूपणासाठी या यंत्रांत भरपूर निगेटिव्ह फीडबॅक वापरलेला असतो, म्हणजे बाहेर पडलेल्या संकेताचा काही भाग आत आणून मूळ संकेतातून वजा केलेला असतो. संकेत एकदम चढला आणि यंत्राचा मागचा भाग तितक्या वेगाने चढू शकला नाही, तर ही वजाबाकी त्या क्षणापुरती होत नाही. मग पहिल्या टप्प्यावर एकदम मोठा संकेत आदळतो आणि तो टप्पा कोलमडतो. स्थिर सुरावर ०.१ टक्का दाखवणारे यंत्र क्षणापुरते साफ चुकते. या दोषाला क्षणिक आंतरविरूपण असे म्हणता येईल.

हे विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल तर ७४१ या क्रमांकाची सर्वत्र मिळणारी चकती पुरेशी आहे. १९६८ मध्ये बाजारात आलेले हे संकलित मंडल आजही आपल्या प्रयोगशाळांत असते. त्यात सुमारे ३० पिकोफॅरडचे एक धारित्र असते आणि ते भरायला पहिल्या टप्प्याकडून जास्तीत जास्त १५ ते २० मायक्रोॲम्पियर प्रवाह मिळतो. प्रवाह भागिले धारिता म्हणजे व्होल्टेज चढण्याचा वेग. तो येतो एका मायक्रोसेकंदाला सुमारे अर्धा व्होल्ट. आत काहीही द्या, बाहेरचे व्होल्टेज याहून वेगाने चढणार नाही. याला स्ल्यू रेट म्हणतात. आपण चढवेग म्हणू.

आता १० पट वर्धन ठेवून दोन आकडे काढू. बाहेर १ व्होल्ट उंचीचा लहान तरंग हवा असेल तर हे मंडल ७०-८० किलोहर्ट्झपर्यंत तरी त्याचा आकार राखते. पण बाहेर १० व्होल्ट उंचीचा तरंग मागितला, तर त्याचा सर्वांत तीव्र चढ म्हणजे २ गुणिले पाय गुणिले वारंवारता गुणिले १० व्होल्ट. हा चढ अर्ध्या व्होल्टच्या आत बसवायचा तर वारंवारता सुमारे ८ किलोहर्ट्झपलीकडे नेता येत नाही. त्यापुढे साईन तरंगाच्या कडा सरळ होऊ लागतात आणि अखेर त्याचा त्रिकोण बनतो. लहान संकेतावर काढलेला प्रतिसादाचा आलेख आणि १ किलोहर्ट्झला मोजलेले विरूपण दोन्ही उत्तम येतात, आणि तरीही हे मंडल मोठ्या उंच सुरांपुढे हतबल ठरते. ओटाला यांच्या टीकेत तथ्य होते ते एवढे.

पण त्यांच्या मागून जी लाट आली तिच्यात तथ्य कमी आणि आवेश जास्त होता. ‘फीडबॅक उशिरा पोहोचतो म्हणून तो मुळातच वाईट’ असे सांगितले जाऊ लागले. संकेताला तारेतून मागे यायला लागणारा वेळ सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो. अडचण ती नव्हतीच. अडचण होती आतले धारित्र भरायला प्रवाह अपुरा पडण्याची. प्रवाह वाढवला, धारित्र योग्य निवडले, की फीडबॅक भरपूर ठेवूनही चढवेग वाढवता येतो. अमेरिकन अभियंते रॉबर्ट कॉर्डेल यांनी १९८० मध्ये हेच दाखवून दिले. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, तो आमच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. हा दोष पकडायला वेगळ्या जादूच्या मोजमापाची गरज नाही. तोच जुना स्थिर सूर १ ऐवजी २० किलोहर्ट्झला आणि पूर्ण पातळीवर द्या. विरूपणाचा आकडा एकदम वर जाईल. म्हणजे दोष पद्धतीचा नव्हता. सोपा प्रश्न निवडून पैकीच्या पैकी गुण मिळवण्याचा तो प्रकार होता.

गंमत अशी की या क्षणिक दोषाच्या मोजमापासाठी ओटाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जी पद्धत सुचवली, तिच्यात सुमारे ३ किलोहर्ट्झचा चौरस तरंग आणि १५ किलोहर्ट्झचा साईन तरंग एकत्र देतात, आणि बाहेर कोणते नवे सूर निर्माण झाले ते वारंवारतेच्या अक्षावर मोजतात! प्रश्न क्षणाचा आणि उत्तर सुरांच्या भाषेत. दोन लिप्या परस्परांच्या वैरी नाहीत, याचा याहून चांगला दाखला कोणता?

क्षणचित्राचे दोष

स्थिर सुराचे दोष सांगितले, तसे काळाच्या अक्षावरील चित्रांचेही सांगायला हवेत. कारण चित्र डोळ्याला चटकन पटते, आणि म्हणूनच ते जास्त सहज फसवते.

ॲम्प्लिफायरच्या परीक्षणांत १० किलोहर्ट्झच्या चौरस तरंगाचे छायाचित्र देण्याची प्रथा होती. कोपरे तीक्ष्ण असतील तर यंत्र चांगले, गोलावलेले असतील तर वाईट. पण विचार करा. चौरस तरंगात मूळ सुराखेरीज त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे सूर असतात. १० किलोहर्ट्झच्या चौरस तरंगात पुढचा सूर ३० किलोहर्ट्झचा. तो माणसाला ऐकूच येत नाही. म्हणजे कानाच्या दृष्टीने १० किलोहर्ट्झचा चौरस तरंग आणि १० किलोहर्ट्झचा साईन तरंग यांत भेद नाही! छायाचित्रातील कोपऱ्यांवर केलेली सारी चर्चा न ऐकू येणाऱ्या सुरांची चर्चा आहे. यंत्र अस्थिर होऊन थरथरते का, हे पाहायला अभियंत्याला तिचा उपयोग होतो. पण तिच्यावरून ‘आवाज कसा’ हे ठरवू नये.

दुसरा फसवा मुद्दा कलेचा. तेच सूर, त्याच पातळीवर, पण वेगवेगळ्या कलेत मिसळले तर पडद्यावर अगदी निराळी चित्रे उमटतात. कान मात्र त्यांना बहुधा एकच समजतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात स्वराचा पोत कलेवर अवलंबून नसतो असे मांडले होते. काही विशिष्ट परिस्थितीत कानाला कलेतला फरक कळतो असे पुढील प्रयोगांत दिसले, त्यामुळे ते विधान जसेच्या तसे घेता येत नाही. तरीही चित्रात दिसणारा फरक कानाला तेवढाच जाणवेल, असे मुळीच नाही.

तिसरे उदाहरण वजाबाकीच्या परीक्षेचे. १९७० च्या दशकात पीटर बॅक्झँडॉल आणि पीटर वॉकर या इंग्रज अभियंत्यांनी तिचा पुरस्कार केला. प्रत्यक्ष संगीत यंत्रात सोडायचे, बाहेर येणारा संकेत वर्धनाच्या प्रमाणात लहान करायचा आणि आत दिलेल्या संकेतातून तो वजा करायचा. उरेल ती यंत्राची चूक. कल्पना सुरेख आहे. स्थिर सुराचे बंधन नाही, आणि उरलेले थेट ऐकताही येते. पण यंत्राने संकेताला केवळ एक अंशाचा कलाभेद दिला, तरी वजाबाकीत १.७५ टक्के शिल्लक उरते. कानाला हा विलंब निरुपद्रवी, पण वजाबाकीच्या खात्यात तो ‘चूक’ म्हणून जमा होतो. म्हणून जाणकार आधी त्या विलंबाची भरपाई करून घेतात आणि मगच वजाबाकी करतात. ते न करता काढलेली शिल्लक दाखवून कुणी यंत्राला नावे ठेवू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आधी प्रश्न, मग मोजमाप

तर मग निवाडा काय? आमच्या मते ‘स्थिर सूर की क्षण?’ हा प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. प्रत्येक मोजमाप यंत्राला एक प्रश्न विचारते आणि त्या प्रश्नापुरतेच त्याचे उत्तर खरे असते. म्हणून कोणताही आकडा किंवा चित्र समोर आले की आपण तीन गोष्टी विचाराव्यात. संकेत कोणता दिला? तो केवढा मोठा होता? आणि किती वेळ दिला, की एकदम सुरू करून थांबवला?

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व आपल्याकडील ग्राहकाला पटायला हरकत नाही. नव्वदच्या दशकात छोट्याशा टेपरेकॉर्डरवर शेकडो ‘वॉट पी.एम.पी.ओ.’ असे झळकत असे. यंत्र एखाद्या क्षणी जास्तीत जास्त किती शक्ती देईल, याचा हा दावा. तो क्षण केवढा आणि त्या वेळी विरूपण किती, याचा सर्वमान्य असा नियमच नव्हता. काळाच्या अक्षाचा याहून मोठा दुरुपयोग आम्हाला ठाऊक नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये याला आळा घालणारा सरकारी नियम लागू झाला. त्यानुसार यंत्र आधी एक-तृतीयांश शक्तीवर तासभर चालवून तापवायचे आणि मग, कोणत्या वारंवारतांना व किती विरूपणासह ते सतत किती शक्ती देते हे सांगायचे. क्षणिक दाव्याला स्थिर सुराची परीक्षा हेच तिथे औषध ठरले. आमच्या स्नेहसंमेलनात याच्या नेमके उलटे झाले होते.

शेवटी वर्गात करून पाहण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. पहिला ७४१ चा. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, १ किलोओहम आणि १० किलोओहम असे दोन रोध, संकेत-जनित्र आणि ऑसिलोस्कोप एवढे साहित्य पुरे. रोध उलट्या प्रवेशाला जोडून १० पट वर्धन घ्या. आत ०.१ व्होल्ट उंचीचा तरंग देऊन वारंवारता ४० किलोहर्ट्झपर्यंत चढवा. आकार टिकून राहील. मग आत ०.६ व्होल्ट द्या आणि पुन्हा १ किलोहर्ट्झपासून सुरुवात करा. सुमारे १३ किलोहर्ट्झपाशी तरंगाच्या कडा सरळ होऊ लागतील आणि २० ला जवळजवळ त्रिकोण दिसेल. चकतीगणिक हे आकडे थोडे बदलतील. विद्यार्थ्यांनी आधी गणित करावे आणि मग खटका दाबावा.

दुसरा प्रयोग १० आणि १ मायक्रोफॅरडच्या धारित्रांचा. प्रत्येकाबरोबर ४७ किलोओहमचा रोध जोडून ५० हर्ट्झच्या चौरस तरंगाचा उतार मोजा आणि त्याच जोडीचा २० हर्ट्झचा प्रतिसादही मोजा. विद्यार्थ्यांना विचारा, यांतली कोणती जोडी चांगली? काही जण चित्र पाहून लगेच उत्तर देतील. एखादी मुलगी जर ‘सर, कशासाठी चांगली?’ असे उलट विचारील, तर तासाचे काम झाले असे समजावे आणि तिला मायक्रोफोन आपटल्याची गोष्ट सांगावी.